दोन उजेडांतलं कार्ड

१

डोळेवालीच्या पासपोर्टाच्या पाकिटातून रहिवासाचं कार्ड चोरीला गेलं, आणि कुणाला पत्ता लागला नाही. कारण पाकिटात कार्ड होतंच!

डोळेवाली हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती कृत्रिम डोळे बनवायची. अपघातात, आजारात ज्यांचा एक डोळा गेला, त्यांच्या उरलेल्या डोळ्याशी तंतोतंत जुळेल असा दुसरा. बुबुळाचा तपकिरी, त्यातल्या पिवळसर रेघा, पांढऱ्या भागातल्या बारीक लाल शिरा, सगळं ती हाताने रंगवायची. एकदा एका पेशंटच्या बायकोने लग्नाला वीस वर्षं झालेल्या नवऱ्याचा खराच डोळा खोटा समजून पुसून दिला होता, तेव्हापासून हे नाव पडलं आणि तिलाही ते आवडलं.

लग्नानंतर ती या परक्या देशात आली होती. परवान्यांवर परवाने काढत, खिडक्यांसमोर तासन्‌तास उभी राहत शेवटी तिला कायमच्या रहिवासाचं कार्ड मिळालं होतं. ते हातात पडलं त्या दिवशी ती आणि नवरा घरी येताना रस्त्याने वेड्यासारखी हसत सुटली होती. आता उद्याचा दिवस गेला की तिला समुद्रापलीकडच्या एका देशात जायचं होतं. तिथल्या काच कारखान्यात स्फोट झाला होता. डोळे गमावलेले कामगार इस्पितळात वाट बघत होते. फार उशीर झाला तर डोळ्याची खोबण आकसते आणि मग कितीही सुंदर डोळा केला तरी बसत नाही.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पिवळा दिवा लावून ती कागद लावत बसली होती. शेजारी सासूबाई जुन्या स्वेटरच्या बाह्या उसवत होत्या.

"आई," डोळेवाली एकदम म्हणाली, "हा रंग बघा."

पाकिटाच्या पारदर्शक कप्प्यातून कार्डाची कड दिसत होती. सासूबाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "काय बघू? हिरवट आहे."

"हिरवट नसतो तो. मोरपंखी असतो. हा शेवाळासारखा दिसतोय."

तिने कार्ड कप्प्यातून बाहेर ओढलं. बोटांना ते जरा जाड लागलं. कोपऱ्यावर नख लावलं तर फोटोचा पापुद्रा सुटून वर आला. प्लॅस्टिकच्या साध्या पट्टीवर तिच्या कार्डाची रंगीत छापील प्रत चिकटवली होती, आणि छपाईला न जमलेली मागची मोरपंखी झाक कुणीतरी ब्रशने, अगदी सफाईने चढवली होती.

सासूबाईंनी उठून मुलाच्या कपाटातून त्याचं कार्ड आणलं. तेही कायमच्या रहिवासाचं, सरकारी. दिव्याखाली दोन्ही शेजारी ठेवली. एक मोरपंखी, एक शेवाळी.

इथून बाहेर पडताना हे कार्ड कुणी विचारत नाही. विचारतात ते परत येताना. ते नसेल तर तिकडच्या विमानतळावर विमानातच बसू देत नाहीत. मग वकिलातीच्या पायऱ्या झिजवा, महिनोन्‌महिने. पण तिच्या मनात त्याहून वाईट विचार आला होता.

"आई, कार्ड हरवलं असतं तर मी हरवलं म्हणून सांगू शकले असते. पण हे मी परतताना काउंटरवर पुढे केलं असतं ना, तर त्यांनी मला चोर ठरवलं असतं. बनावट कार्ड दाखवणारी बाई! मग कसला कायमचा रहिवास आणि कसलं काय."

सासूबाईंनी स्वेटर बाजूला ठेवला. त्यांनी उभं आयुष्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून काढलं होतं. निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आल्या, पण माणसाकडे बघायची नजर काही निवृत्त झाली नव्हती.

"हे पाकीट कुणाकुणाच्या हाताखालून गेलं?"

डोळेवालीने आठवून सांगितलं. तिकडच्या परवान्याचे कागद करायला म्हणून पाकीट आठवडाभर कारखान्यात होतं. कारखाना म्हणजे डोळ्यांची कार्यशाळा. तिथल्या लोखंडी कपाटात, आणि कपाटाची चावी खिळ्याला. तिथे तिच्याशिवाय दोघंच: मालक, ज्यांना सगळे उस्ताद म्हणायचे, आणि तिच्या शेजारी बसणारा झिपऱ्या. परवा पाकीट घरी आलं. घरी नवरा. आणि काल दुपारी वन्सं येऊन गेल्या, त्या बराच वेळ आतल्या खोलीत एकट्या होत्या.

शेवटचं वाक्य बोलून तिने जीभ चावली. नवरा सासूबाईंचा मुलगा आणि वन्सं त्यांची मुलगी.

"थांबू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "गाडीत मी माझ्या सख्ख्या मेव्हण्यालाही दंड केलाय. चोर माझ्या पोटचा निघाला तरी सुटणार नाही."

२

"कार्डाबद्दल कुणाजवळ अवाक्षर काढायचं नाही," सासूबाईंनी बजावलं. "आपण प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायची. तुझं जाणं रद्द झालं."

"का रद्द झालं विचारलं तर?"

"विचारू देत. तू गप्प बसायचं. बिनतिकिटाच्या माणसाला मी कधी तिकीट मागितलंच नाही. नुसती समोर उभी राहायची. मग तोच बोलायला लागतो."

दारात किल्ली वाजली. नवरा आला. तो शाळेत गणित शिकवायचा आणि घरीही प्रत्येक गोष्ट फळ्यावर मांडल्यासारखी बोलायचा. हा प्रवास त्याला पहिल्यापासून पसंत नव्हता. दूरचा देश, नुकताच स्फोट झालेलं गाव, तिकडचे रस्ते. त्याच्या काळजीला अंत नव्हता. महिनाभर दोघांत धुसफूस चालली होती.

"तिचं जाणं रद्द झालं," सासूबाई म्हणाल्या आणि त्याच्याकडे बघत राहिल्या.

नवऱ्याचा चेहरा उजळला. अगदी सरळ उजळला, त्याला लपवताही आलं नाही. "खरंच? बरं झालं!" मग त्याने बूट काढले, एक मोजा हातात घेऊन तसाच बसला. "पण मग ती माणसं काय करणार? म्हणजे… मी नको म्हणत होतो ते ठीक. पण तिथे दुसरं कुणी जातंय का?"

डोळेवालीला त्या मोज्यासकट त्याला मिठी मारावीशी वाटली. पण सासूबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ज्याला तिने जाऊ नये असं वाटत होतं, त्याचा चेहरा उजळणारच. त्यावरून काय ठरणार?

थोड्या वेळाने वन्सं वर आल्या. त्या खालच्याच मजल्यावर राहायच्या. त्यांचा स्वतःचा रहिवासाचा अर्ज परत आला होता, एकदा नव्हे, दोनदा. डोळेवालीचं कार्ड आलं त्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "झालं, आता वहिनी इथली झाली. आम्ही पाहुणे." त्यानंतर दोघी बोलायच्या, पण मोजकंच.

"रद्द?" वन्संनी पटकन आतल्या खोलीकडे पाहिलं. "मग बॅग… बॅग परत उघडणार असाल ना?"

सासूबाई नुसत्या बघत राहिल्या.

"मला वाटलं तशीच बंद राहील," वन्सं म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

"काल कशाला आली होतीस गं?"

"शाल मागायला."

"शाल तर नेली नाहीस."

वन्सं ताडकन उठल्या आणि जिना उतरून निघून गेल्या. सासूबाई मात्र शांतपणे उठल्या, आत गेल्या आणि बॅगेची चेन ओढली.

"सूनबाई," आतून हाक आली, "इकडे ये. काल इथे काय झालं ते कळलं."

३

बॅगेच्या तळाशी, कपड्यांच्या खाली, वन्संचा लोकरीचा लांब कोट घडी घालून ठेवला होता. त्यांच्याकडचा एकमेव चांगला कोट. तिकडे कडाक्याची थंडी होती आणि डोळेवालीकडे तसा कोट नव्हता. हातात आणून द्यायला वन्संचा ताठा आडवा आला असणार. म्हणून चोरासारखं येऊन ठेवून गेल्या.

डोळेवाली कोट मांडीवर घेऊन बसून राहिली. "आणि मी त्यांच्यावर संशय घेतला."

"घ्यायलाच हवा होता. मीही घेतला," सासूबाई म्हणाल्या. "पण चोरायला आलेली बाई सामान वाढवून जात नाही. चल, झोप आता."

झोप कसली येते! सकाळी उजाडल्याबरोबर ती उठली. नवरा आंघोळीला गेला होता. सासूबाई खिडकीपाशी दोन्ही कार्डं धरून उभ्या होत्या, आणि चक्रावल्या होत्या.

"अगं, काल तू शेवाळी म्हणालीस, मलाही तसंच दिसलं. आता बघ."

डोळेवालीने पाहिलं. स्वच्छ सकाळच्या उजेडात नवऱ्याचं खरं कार्ड आणि तिचं खोटं कार्ड, दोन्ही मोरपंखी. सख्ख्या जुळ्या बहिणींसारखी. फरक शोधून सापडेना.

"रातोरात कुणी बदललं की काय?" सासूबाईंनी विचारलं. "का आपलेच डोळे फिरले?"

डोळेवालीने पडदा ओढला, खोली अंधारली, आणि टेबलावरचा पिवळा दिवा लावला. पुन्हा एक मोरपंखी, एक शेवाळी. पडदा सारला. पुन्हा जुळ्या.

हे तिच्या कामातलं होतं. अगदी पहिल्या दिवशी शिकवलेलं.

"आई, हा रंग घरातल्या कुणाचं काम नाही. हा डोळ्यांचा रंग आहे. आमच्या कारखान्यातला. आणि…" तिने कार्डं खाली ठेवली. "आणि तो कुणी केला तेही मला वाटतं कळलंय. पण मला ते खरं असायला नकोय."

सासूबाईंनी हात वर केला. "मग सांगू नकोस. माझं मला शोधू दे. दोघींचं उत्तर वेगवेगळ्या वाटेनं येऊन एकच निघालं, तर ते पक्कं."

४

कार्यशाळा म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याकडे तोंड करून मोठी खिडकी, आणि खिडकीपाशी उस्तादांचं टेबल. त्यांची नजर आता दिव्याखाली थकायची, म्हणून ते फक्त दिवसाच्या उजेडात काम करायचे आणि ऊन कलतं झालं की ब्रश धुऊन घरी जायचे. आतल्या भिंतीला लागून दोन टेबलं, त्यावर वाकवता येणारे पिवळे दिवे; एक डोळेवालीचं, एक झिपऱ्याचं. मधे पॉलिशचं चाक. फळीवर खोके: तयार डोळे, अर्धवट डोळे, आणि एक मोठा पत्र्याचा डबा वाया गेलेल्या डोळ्यांचा.

"या, या, आज सासूबाईंना घेऊन?" उस्ताद उठून उभे राहिले. पांढरी दाढी, रंगाचे डाग पडलेला कोट, बोलणं असं की ऐकणाऱ्याला ऊब यावी. डोळेवाली या देशात आली तेव्हा तिच्या हातातलं कसब याच माणसाने ओळखलं होतं. आणि या स्फोटवाल्या इस्पितळात तिचं नाव त्यांनीच सुचवलं होतं.

"कारखाना बघायचा होता म्हणाल्या," डोळेवाली कशीबशी म्हणाली. "आणि… माझं जाणं रद्द झालंय."

झिपऱ्याने दिव्याखालून मान वर काढली. खांद्यापर्यंत केस, ओठांत ब्रश. त्याला हे तिकडचं काम स्वतःला हवं होतं आणि नाही मिळालं म्हणून तो उघड उघड फुरंगटला होता.

"रद्द?" तो म्हणाला. "मग मला पाठवा की! उस्ताद, माझा पासपोर्ट तयार आहे. आज सांगा, उद्या निघतो." तो उठलाच. ब्रशही तोंडातच.

"बस खाली," उस्ताद ओरडले.

झिपऱ्या बसला. उस्तादांना कुणी ओरडताना ऐकलं नव्हतं.

"म्हणजे, काय झालं काय?" त्यांनी आवाज उतरवला. "अगं पोरी, असं ऐन वेळी नाही म्हणून कसं चालेल? तिकडे लोक वाट बघतायत. घरचं काही असेल तर मी बोलतो तुझ्या नवऱ्याशी. तू जायलाच हवं. तूच."

सासूबाई नुसत्या समोर उभ्या राहिल्या.

"इथलं कुठे काय अडतंय?" उस्ताद बोलत सुटले. "आठवड्याभराचा तर प्रश्न. हॉस्पिटलची मुलाखतसुद्धा तू परत आल्यावरच आहे. मग अडचण काय?"

सासूबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "कसली मुलाखत?"

उस्तादांचा हात दाढीवर थांबला.

शहरातलं मोठं हॉस्पिटल स्वतःचा कृत्रिम डोळ्यांचा विभाग काढणार होतं. त्याच्या प्रमुखपदासाठी डोळेवालीने अर्ज केला होता. मुलाखत होईपर्यंत हे घराबाहेर कुणालाही सांगायचं नाही, असं तिने आणि नवऱ्याने ठरवलं होतं. उस्तादांना तर मुळीच नाही, त्यांचं मन दुखावेल म्हणून.

५

"बसा तुम्ही," सासूबाई उस्तादांना म्हणाल्या, आणि गाडीच्या डब्यात प्रवाशांना म्हणत असतील तशाच सुरात म्हणाल्या, "घाई नाही."

मग त्यांनी पिशवीतून खोटं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. झिपऱ्या वाकून बघायला लागला. उस्तादांनी मात्र बघितलंच नाही.

"काल संध्याकाळपासून मी एकच गोष्ट घोळवतेय," सासूबाई म्हणाल्या. "हिला जाऊ द्यायचं नसेल तर माणूस काय करेल? कार्ड पळवेल आणि पाकीट रिकामं ठेवेल. रिकामं पाकीट दिसलं की ही घाबरून घरी बसली असती. संपलं. मग हे खोटं कार्ड करायची एवढी मेहनत कशाला? तर हिला कळू नये म्हणून. हिनं बिनधास्त निघावं, विमानात बसावं, आणि तिकडे अडकावं. ज्यानं हे केलं त्याला हिचं जाणं नको नव्हतं. हिचं परत येणं नको होतं."

"माझ्या मुलाला हिनं जाऊच नये असं वाटत होतं. रद्द म्हटल्यावर तो खूश झाला. या झिपऱ्याला हिच्या जागी जायचं होतं. रद्द म्हटल्यावर तो बॅग भरायला निघाला. दोघांनाही ही गेली तर तोटाच होता. रद्द म्हटल्यावर पोटात कालवाकालव झाली ती एकट्या तुमच्या."

"माझ्या?" उस्ताद हसले. "बाई, तुमची सून मला मुलीसारखी. रंग तर या झिपऱ्यालाही येतो करता!"

"ए, मी काय केलं?" झिपऱ्या उखडला. "मी नाही काही केलेलं!"

सासूबाईंनी डोळेवालीकडे पाहिलं. आता बोलायची पाळी तिची होती, आणि तिला ती नको होती. तिने नवऱ्याचं कार्ड काढलं.

"उस्ताद, पहिल्या दिवशी तुम्ही मला सांगितलं होतं. रंग एका उजेडात जुळला म्हणजे जुळला असं नाही. वेगवेगळे रंग मिसळून एकच छटा करता येते, पण उजेड बदलला की खोटं उघडं पडतं. म्हणून डोळा उन्हातही बघायचा आणि दिव्याखालीही. नाहीतर माणूस दिवसा छान दिसतो आणि रात्री लग्नाच्या पंगतीत त्याचे दोन डोळे दोन रंगांचे."

तिने दोन्ही कार्डं खिडकीत धरली. जुळ्या बहिणी. मग ती चालत झिपऱ्याच्या टेबलापाशी गेली आणि दिव्याखाली धरली. झिपऱ्याच्या तोंडातला ब्रश खाली पडला.

"झिपऱ्या दिवसभर या दिव्याखाली बसतो. त्याने हा रंग केला असता तर दिव्याखाली बिनचूक जुळला असता आणि खिडकीत फसला असता. हा नेमका उलटा आहे. हा खिडकीत बसून जुळवलाय. आणि ज्याने जुळवला त्याला दिव्याखाली तपासायचंही कळत होतं. मग का नाही तपासला?" तिने दोन्ही दिव्यांकडे बोट केलं. "कारण कार्ड इथून हलवलं असतं तर मला कळलं असतं, आणि इथे दिवे दोनच. एकाखाली मी, एकाखाली हा. आमच्यासमोर माझंच कार्ड घेऊन ते कसे येणार?"

उस्ताद खुर्चीत बसले.

"हॉस्पिटलने तुझ्या कामाबद्दल विचारायला मला फोन केला," ते म्हणाले. "मी म्हटलं, उत्तम आहे. खोटं कसं बोलू? पण फोन ठेवला आणि कळलं, तू तिथे गेलीस की हॉस्पिटलचे सगळे पेशंट तिथेच जाणार. हे दुकान बंद. माझं नाव बंद. वाटलं, मुलाखत चुकली की बास. पुढे मी तुला परत आणायची खटपट केली असती. खरंच केली असती."

"बनावट कार्ड दाखवलं म्हणून मला धरून बसवलं असतं, तर?" डोळेवालीने विचारलं.

ते त्यांनी विचारातच घेतलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. त्यांना फक्त ते पाकीट भरलेलं दिसायला हवं होतं. डोळेवालीला काल रात्रीपासून पहिल्यांदा राग आला. खरा, गरम, कानशिलं तापवणारा राग.

"खरं कार्ड कुठे आहे?"

"जाळलं," उस्ताद म्हणाले.



६

"नाही जाळलेलं," सासूबाई म्हणाल्या.

त्या अजून तिथेच उभ्या होत्या, आणि आल्या क्षणापासून उस्तादांकडेच बघत होत्या.

"गाडीत बाकाखाली कुणी बिनतिकीट लपलेलं असलं ना, की वर बसलेले सोबती सगळीकडे बघतात. खिडकीबाहेर, पंख्याकडे, माझ्या तोंडाकडे. फक्त बाकाखाली बघत नाहीत. मघापासून तुम्ही ही सगळी खोली नजरेनं दहादा फिरलात. त्या पत्र्याच्या डब्यावरून मात्र तुमची नजर उडी मारून पुढे जाते."

झिपऱ्या तीन ढांगांत फळीपाशी पोचला. वाया गेलेल्या डोळ्यांचा डबा त्याने टेबलावर उपडा केला. खडखडाट करत डोळे चहूकडे पळाले: काळे, घारे, तपकिरी, फुटके, वाकडे. त्या सगळ्यांच्या तळाशी कागदात गुंडाळलेलं, मोरपंखी, पातळ, खरं कार्ड पडलं होतं.

डोळेवालीने ते उचललं. खिडकीत बघितलं. दिव्याखाली बघितलं. मग छातीशी धरलं आणि एवढ्या मोठ्याने हसली की रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबून खिडकीतून आत डोकावला.

"दोन्ही उजेडांत जुळलं!" झिपऱ्या ओरडला. मग जमिनीवरचे डोळे गोळा करता करता उस्तादांकडे न बघताच म्हणाला, "माझ्यावर ढकलत होतात. याला काय म्हणायचं?"

त्याच दुपारी सासूबाई सुनेसह उस्तादांना घेऊन रहिवासाच्या कचेरीत गेल्या. वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत, त्यामुळे पोचेपर्यंत उस्तादांनी सगळी कबुली दोनदा तोंडपाठ केली होती. खिडकीतल्या अधिकाऱ्याने खोटं कार्ड जप्त केलं, खरं तपासून डोळेवालीच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "तुम्ही जा बिनधास्त. यांचं आम्ही बघतो."

नवऱ्याला संध्याकाळी सगळं कळलं. तो मग म्हणाला, "आई, म्हणजे तू माझ्यावरसुद्धा संशय घेतलास?"

"पहिला तुझ्यावर," सासूबाई म्हणाल्या. "आता तिची बॅग खाली नेऊन ठेव."

डोळेवाली मात्र बॅगेआधी खालच्या मजल्यावर गेली. वन्संनी दार उघडलं तर ही समोर कोट घालून उभी. टाचांपर्यंत लोंबणारा, बाह्या बोटांवर आलेल्या.

"कशी दिसते मी?"

"अस्वलासारखी," वन्सं म्हणाल्या, आणि मग दोघींना हसू आवरेना. पुढच्या अर्जाला कुठले कागद लावायचे ते डोळेवालीने त्यांना दारातच उभ्या उभ्या सांगितलं. वन्संनी पहिल्यांदाच ते सगळं ऐकून घेतलं.

७

समुद्रापलीकडच्या त्या इस्पितळात खिडकीला काच नव्हती, दिवा सारखा जायचा आणि कोट दिवसभर अंगावरून उतरत नव्हता. डोळेवाली प्रत्येक डोळा खिडकीत बघायची, मग दिवा येईपर्यंत थांबून दिव्याखाली बघायची. घाई करायला लोक सांगायचे. ती करायची नाही.

शेवटच्या दिवशी काच कारखान्यातली एक भट्टीवाली आली. धिप्पाड, मोठ्या आवाजाची. आरसा हातात घेऊन तिने नवा डोळा बसवून घेतला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मान तिरकी केली.

"हा डोळा," दुभाष्याने तिचं म्हणणं सांगितलं, "माझ्या जुन्या डोळ्यापेक्षा भोळा दिसतो. नवऱ्याला पटायचं नाही."

डोळेवालीने डोळा परत घेतला, बुबुळात एक बारीकशी सोनेरी रेघ ओढली, वाळवली आणि परत दिला. भट्टीवालीने आरशात पाहिलं. मग आरसा बाजूला ठेवला आणि डोळेवालीला उचललं. अक्षरशः जमिनीवरून उचललं.

परतीच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने कार्ड मागितलं. डोळेवालीने दिलं. मुलीने ते यंत्राखाली धरलं, वाकवून पाहिलं, तिच्या तोंडाकडे बघितलं. तेवढ्या वेळात डोळेवालीचा जीव टांगणीला लागला तो लागलाच. मग शिक्का पडला.

"तुमचं घर तिथे आहे का?" मुलीने सहज विचारलं.

"हो," ती म्हणाली. असं ताठ मानेनं ती कधीच म्हणाली नव्हती.

विमान उशिरा पोचलं. मुलाखतीची वेळ होऊन गेली होती. विमानतळाबाहेर नवरा गाडी घेऊन उभा, मागे सासूबाई, त्यांच्या शेजारी वन्सं आणि कोंबून बसलेला झिपऱ्या. "त्यांना फोन केलाय," नवरा म्हणाला, "थांबतो म्हणालेत. बस पटकन!"

ती तशीच गेली. चुरगळलेले कपडे, अंगात अस्वलाचा कोट, केस विमानातल्या उशीनं विस्कटलेले. लांबलचक टेबलामागे पाच जण बसले होते. मधल्या डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुमच्या उस्तादांची भानगड आमच्या कानावर आलीय," त्या म्हणाल्या. "आदल्या दिवशी एवढं सगळं होऊनही तुम्ही गेलात? दुसरं कुणी असतं तर कार्ड छातीशी धरून घरी बसलं असतं."

"घरी बसण्यासाठी नव्हतं मिळवलं ते," डोळेवाली म्हणाली. "जाऊन परत येता यावं म्हणून मिळवलं होतं."

टेबलामागच्या पाच जणांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने कागद मिटले. डॉक्टरबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "विभाग याच खोलीत होणार. कामाची टेबलंसुद्धा नाहीत अजून. तुम्हाला कशी हवीत?"

डोळेवाली खुर्ची सरकवून उठली आणि थेट खिडकीशी गेली. खोली मोठी होती, ऊन आत भरपूर येत होतं.

"इथे एक," ती म्हणाली, "आणि तिकडे एक. एका टेबलावर बसेल असा माणूस खाली गाडीत आहे. केस लांब आहेत त्याचे, पण हात फार चांगला आहे. बोलावू?"

"बोलवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजच बोलवा."

तिने खिडकी उघडली आणि वाकून, सगळा रस्ता ऐकेल अशा आवाजात खाली हाक मारली.